अंगणातील शाळा

तीन-चार वर्षांच्या मुलाला शिकवायचे ते काय, असा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुशिक्षित घरांतूनही विचारला जात असे. मूल सहा-सात वर्षांचे झाले, की त्याला पंतोजींच्या स्वाधीन करावे. तोपर्यंत ते खेळेल, रडेल, मार खाईल आणि आपोआप वाढेल, अशी समजूत होती. या कोवळ्या वयाकडे अभ्यासू नजरेने पाहण्याची सवय महाराष्ट्राला ज्यांनी लावली, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. घरात सुधारणेचे वारे असल्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी झाली नाही आणि १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो संसार टिकला नाही. त्यानंतर ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून काम पाहिले. एकट्या स्त्रीला असे मानाचे पद मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तेच पद त्यांनी सोडले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले होते. १९२३ मध्ये ताराबाई त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या.

या बालमंदिराला आधार होता मारिया मॉंटेसरी यांच्या विचारांचा. मूळच्या डॉक्टर असलेल्या या इटालियन विदुषीने १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत बालगृह उघडले. रोग्याची लक्षणे पाहावीत, तितक्या बारकाईने त्यांनी तेथे मुलांचे वर्तन पाहिले. शिक्षिकेने आधी पाहावे आणि मग शिकवावे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होय. मुलाने कोणते साधन आपणहून उचलले, त्यात ते किती वेळ रमले, कोठे अडले, अडल्यावर पुन्हा प्रयत्न केला की उठून गेले, कोणाजवळ जाऊन बसले, या सर्वांची नोंद ठेवायची असते. हे काम दिसते तितके सोपे नाही. मूल हट्टी आहे, असे लिहिले तर ते शिक्षिकेचे मत झाले. हातातील ठोकळे कोणी काढून घेतले तेव्हा मूल रडले आणि ठोकळे परत मिळताच शांत झाले, असे लिहिले तर ती नोंद झाली. पहिल्या वाक्याने मुलाच्या कपाळी शिक्का बसतो. दुसऱ्याने त्याचे मन कळू लागते. आपल्या वर्गांतून आजही पहिल्या प्रकारची वाक्येच अधिक ऐकू येतात.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका घडवण्याचे कामही त्यांनी तेथे हाती घेतले. १९३९ मध्ये खुद्द मॉंटेसरी मद्रासला आल्या. महायुद्धामुळे त्यांना भारतातच राहावे लागले. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे त्यांनी मुलांच्या वाढीचे निरीक्षण केले. बालशिक्षणाची ही नवी दिशा शहरांतील जाणत्या पालकांना पटू लागली होती. ताराबाईंना मात्र खेड्यातील मुलांची चिंता होती.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या या शिक्षिकेने पुढे जन्मभर ताराबाईंची साथ केली. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. हजेरीपटावर गैरहजर असा शेरा मारून थांबता आले असते. ताराबाईंनी मुले येत नाहीत ती का, हे पाहिले आणि बालवाडीच त्या वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. हीच अंगणवाडी.

मॉंटेसरीची साधने खर्चिक होती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. लहानमोठे ओळखणे, रंग जुळवणे, मोजणे हे सारे त्यांतून साधू लागले.

१९५६-५७ च्या सुमारास संस्था डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेली. येथे वारली मुलांची अडचण निराळी होती. आईबाप कामावर जात, थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी आणि मुलगे गुरांमागे रानात असत. अशा मुलीला शाळेत ये म्हणणे म्हणजे कडेवरचे बाळ कोठे ठेवू, या तिच्या प्रश्नाला बगल देणे होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी निघाली. बहीण शिकू लागली आणि धाकटे भावंड जवळच सांभाळले जाऊ लागले. गुराख्यांसाठी शिक्षकच चरणीच्या रानात जाऊ लागले, ती कुरणशाळा. या दोन्ही कल्पना मुलांचा दिवस कसा जातो, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून सुचल्या नसत्या.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, चालवले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. तेथील सेविका मुलाला तराजूत बसवते आणि वजनाचा आकडा वाढीच्या तक्त्यावर मांडते.