शिष्यांपुढे शिष्य झालेला गुरू

शिक्षकाने शिकवावे आणि विद्यार्थ्याने शिकावे, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासात असाही एक गुरू होऊन गेला की, जो शिकवण्यापूर्वी स्वतः आपल्या शिष्यांपुढे शिष्य होऊन बसला. फ्रान्समधील धर्मगुरू शार्ल मिशेल द लेपे हेच ते गुरू होत.

त्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १७१२ रोजी व्हर्साय येथे झाला. त्यांनी धर्मशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास केला. धार्मिक मतभेदांमुळे चर्चमध्ये त्यांना मोठे पद मिळाले नाही. मात्र वडिलार्जित उत्पन्न असल्याने उदरनिर्वाहाची चिंता नव्हती.

पन्नाशीच्या सुमारास पॅरिसमधील एका घरी ते काही कामानिमित्त गेले. तेथे दोन बहिणी शिवणकाम करीत बसल्या होत्या. लेपे यांनी बोलण्याचा प्रयत्न केला. पण उत्तर मिळेना. आई घरी आल्यावर उलगडा झाला. दोघी मुली जन्मतः कर्णबधिर होत्या. त्यांना चित्रांच्या साहाय्याने शिकवणारे गुरुजी वारले होते. लेपे यांनी ते काम स्वतःकडे घेतले.

त्या काळी अशी मुले विचारच करू शकत नाहीत, असे लोक मानीत. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात काही कर्णबधिर मुलांना शिक्षण मिळाले होते, पण ती सरदार घराण्यांतील होती. लेपे यांनी १७६० च्या सुमारास राहत्या घरी शाळा काढली आणि गरीब मुलांना विनामूल्य शिकवले. ही मुले आपापसात हातांच्या खुणांनी बोलतात हे त्यांनी पाहिले, त्या खुणा शिकून घेतल्या आणि त्यांच्या आधारे लिहिणे-वाचणे शिकवले. इतर काही शिक्षक आपली पद्धत गुप्त ठेवीत. लेपे यांनी मात्र ती १७७६ मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. परदेशातून आलेल्या शिक्षकांनाही त्यांनी ती मोकळ्या मनाने शिकवली. १७८८ च्या कडाक्याच्या थंडीत शिष्यांसाठी पैसे वाचावेत म्हणून त्यांनी आपली खोली शेकोटीविना ठेवली, असे सांगतात.

एक उणीवही सांगितली पाहिजे. मुलांच्या खुणा अपुऱ्या आहेत असे समजून त्यांनी फ्रेंच व्याकरणासाठी स्वतः घडवलेल्या खुणा त्यांत घातल्या. पिएर देलोज या कर्णबधिर पुस्तकबांधणी कारागिराने १७७९ मध्ये पुस्तक लिहून लेपे यांच्या कार्याचे समर्थन केले. पण पॅरिसच्या कर्णबधिरांची स्वतःची भाषा आधीपासूनच होती, हेही स्पष्ट केले. पुढील पिढीने त्या कृत्रिम खुणा सोडून दिल्या.

२३ डिसेंबर १७८९ रोजी लेपे निवर्तले. १७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने त्यांच्या शाळेला सरकारी आश्रय दिला. याच शाळेत शिकलेले कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर १८१६ मध्ये अमेरिकेत गेले आणि १८१७ मध्ये तेथील शाळेच्या उभारणीत सहभागी झाले.

पण १८८० मध्ये मिलान येथील परिषदेत, बहुतेक सर्व ऐकू येणाऱ्या प्रतिनिधींनी, शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. ज्यांची भाषा, त्यांनाच विचारले नाही! कित्येक पिढ्यांनी त्याची किंमत मोजली. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेने तो ठराव नाकारून खेद व्यक्त केला.

आपल्या देशातही २०१५ मध्ये दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषेसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. पण कायदे आणि केंद्रे वर्गातील बाकापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. कर्णबधिर मुलाला वर्गात जागा दिली आणि त्याच्याशी कोणी बोललेच नाही, तर तो गर्दीतही एकटाच राहतो. विद्यार्थी मित्रहो, आपल्या मोहल्ल्यात कोणी कर्णबधिर शिंपी, सुतार किंवा शाळकरी सोबती असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि नमस्कार, पाणी, मित्र या शब्दांच्या खुणा त्याच्याकडूनच शिका. त्या दोन बहिणींपुढे लेपे बसले, तसे. उपकार करायला नव्हे, शिकायला.