सिस्टर रोझेटा थार्प : उपासनेतून रंगमंचावर गेलेले गाणे



लखनौ म्हटले की ठुमरी, कथक आणि बेगम अख्तर यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु या शहराचा एका अगदी निराळ्या संगीताशीही धागा जुळलेला आहे. १४ ऑक्टोबर १९४० रोजी येथे हॅरी वेब नावाचा बालक जन्मला. १९४८ साली त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले आणि दहा वर्षांनी तो क्लिफ रिचर्ड या नावाने रॉक अँड रोलचा गायक म्हणून गाजू लागला.

हे नाव आमच्या लखनौ छावणीत नुकतेच पुन्हा निघाले, आणि त्याला निमित्त झाले एका वादाचे. लष्करी वैद्यकीय सेवेच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक लहानशी प्रार्थनासंगत आहे. गेल्या नाताळाच्या तयारीत तरुणांनी गिटार व ड्रम वाजविण्याची परवानगी मागितली. ही नाचघरातील वाद्ये आणि नाचघरातील ठेका प्रभूच्या उपासनेत नको, असे वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे पडले. उभय पक्षांचा हेतू चांगलाच होता. तरी मने दुखावलीच. त्या रात्री मला प्रश्न पडला, की हा ठेका नाचघरात तरी कोठून आला असेल? शोध घेऊ लागलो तेव्हा एका ख्रिस्ती भगिनीचे चरित्र हाती आले. तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात कॉटन प्लांट नावाचे एक गाव आहे. कॉटन प्लांट म्हणजे कापसाचे झाड. नावावरूनच त्या मुलखाची ओळख पटावी. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती, परंतु कृष्णवर्णीयांच्या हातातील कापूसवेचणी आणि डोक्यावरील कर्ज संपले नव्हते. अशा गावी २० मार्च १९१५ रोजी रोझेटा जन्मली. तिची आई केटी बेल नूबिन मेंडोलीन वाजवून गात असे आणि सुवार्ताही सांगत असे. ती ज्या मंडळीची सभासद होती तिचे नाव चर्च ऑफ गॉड इन ख्राईस्ट.

वाचकहो, या मंडळीची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. कारण आपल्या विषयाचे मूळ तेथेच आहे. गुलामांनी एकत्र जमून बंड पुकारू नये म्हणून दक्षिणेतील मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले होते. साउथ कॅरोलिनात तर १७४० साली तसा कायदाच झाला. ढोल गेला तेव्हा हात आणि पाय हेच ढोल झाले. प्रार्थनेला जमलेले लोक टाळ्या वाजवीत, लाकडी जमिनीवर पावले आपटीत आणि एकाने ओळ म्हणावी व सर्वांनी तिला उत्तर द्यावे, अशा रीतीने गात. आपल्याकडील भजनी मंडळींना ही रीत परकी वाटू नये. फरक आहे तो आघाताचा. आपल्या तालात समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला मान असतो; त्यांची टाळी मात्र चार मात्रांतील दुसरीवर व चौथीवर पडते. एवढ्या एका फरकाने अंग आपोआप डोलू लागते. गळ्यातून सूर काढतानाही ते दोन स्वरांच्या मधली जागा घेत. आपल्या मींडेची आठवण व्हावी, असा तो प्रकार होता.

सुशिक्षित कृष्णवर्णीयांच्या अनेक मंडळ्यांनी पुढे ही रीत अडाणीपणाची म्हणून टाकून दिली. चार्ल्स हॅरिसन मेसन या पाळकांनी मात्र ती सोडली नाही. १९०६ साली लॉस एंजेलिस येथील अझूसा रस्त्यावरील एका साध्या इमारतीत आत्मिक संजीवनाची लाट उसळली. (त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तशीच लाट आली होती, हे आपणांस स्मरतच असेल.) मेसन यांनी १९०७ साली तेथे जाऊन तो अनुभव घेतला. त्यांच्या मंडळीत डफ, ढोल, गिटार, तुतारी या सर्वांना उपासनेत जागा होती. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात ज्या वाद्यांची नावे आहेत ती नुसती वाचण्यासाठी नाहीत, असे ती मंडळी मानीत असे.

अशा उपासनेत रोझेटा वाढली. चार-सहा वर्षांच्या वयातच तिची बोटे गिटारवर फिरू लागली होती. पुढे आई तिला घेऊन शिकागोला गेली. दक्षिणेचा जाच आणि दारिद्र्य यांना कंटाळून १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेले; त्यांत या मायलेकीही होत्या. खेड्यातले गाणे शहरात आले आणि तेथे त्याला पियानो, वाद्यवृंद, ग्रामोफोन व रेडिओ भेटले. त्याच शिकागोत टॉमस डॉर्सी हे पाळकाचे पुत्र होते. पूर्वायुष्यात ब्लूज म्हणून ओळखली जाणारी दुःखाची व प्रेमाची लौकिक गाणी ते वाजवीत. पुढे त्याच वळणाच्या चाली त्यांनी प्रभूच्या गीतांना दिल्या. आरंभी अनेक मंडळ्यांनी त्यांना दार बंद केले. आज त्यांना गॉस्पेल संगीताचे जनक म्हणतात.

मायलेकी गावोगावच्या सभांत गात व साक्ष देत. १९३४ साली रोझेटाचा विवाह टॉमस थॉर्प या उपदेशकाशी झाला. तो संसार सुखाचा झाला नाही. पती सुटला, त्याचे आडनाव किंचित बदललेल्या रूपात तिच्यापाशी राहिले आणि त्याच नावाने पुढे जग तिला ओळखू लागले.

१९३८ साली रोझेटाबाई न्यूयॉर्कला आल्या आणि त्यांच्या आयुष्याने मोठे वळण घेतले. कॉटन क्लब या नावाचे एक श्रीमंती रात्रगृह होते. मंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर मद्याचे पेले घेऊन बसलेले गोरे श्रोते, असा तेथील रिवाज. रोझेटाबाईंनी तेथे गिटार वाजवून आपली उपासनेतली गीते गायिली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला डेक्का कंपनीने त्यांच्या चार गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांतील एक गाणे डॉर्सींच्या प्रार्थनागीतावर आधारलेले होते. प्रभूने आपल्या उराशी घेऊन जोजवावे, अशी त्यातील विनवणी. जोजविणे या अर्थी इंग्रजीत रॉक हा शब्द आहे. देवळात त्याचा अर्थ एक होता. रात्रगृहातील श्रोत्यांनी त्याचा अर्थ दुसराच घेतला. २३ डिसेंबरला कार्नेगी हॉलसारख्या प्रतिष्ठित सभागृहातही त्या गायिल्या.

घरच्या मंडळीला याचे दुःख झाले. ज्या गीतांवर लोक रडून पश्चात्ताप करीत, त्यांवर आता लोक नाचतात, हे त्यांना सहन होईना. वाचकहो, हा राग केवळ जुनाट हट्ट नव्हता. ज्या लोकांपाशी जमीन नव्हती, मत नव्हते, मान नव्हता, त्यांच्यापाशी स्वतःचे असे एक प्रार्थनागृह आणि तेथील गाणे तेवढे होते. तेही विकले जात आहे, असे त्यांना वाटले. रोझेटाबाईंनाही मंडळीचे प्रेम तोडवले नाही. रात्री मंचावर आणि रविवारी देवळात, अशी त्यांची ओढाताण चालू राहिली. लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदात असताना त्यांना लौकिक गाणीही गावी लागली. पुढे तेथून बाहेर पडून त्या पुन्हा भक्तिगीतांकडेच वळल्या.

१९४४ साली त्यांनी पियानोवादक सॅमी प्राइस यांच्या साथीने एक जुने भक्तिगीत मुद्रित केले. मागे पियानोची पळती, उसळती लय आणि पुढे गिटारची धारदार तार, अशी त्याची घडण. १९४५ साली कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेगळ्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. भक्तिगीताला असे यश पूर्वी क्वचितच लाभले होते. अनेक अभ्यासक याच ध्वनिमुद्रिकेला रॉक अँड रोलची पहिली ध्वनिमुद्रिका मानतात. इतर काही दुसऱ्या गाण्यांची नावे घेतात. परंतु या गाण्यात ते संगीत जवळजवळ संपूर्ण उभे आहे, याविषयी फारसा वाद नाही.

कीर्ती मिळाली तरी वर्णभेदाने पाठ सोडली नाही. दक्षिणेत त्यांच्या सभेला हजारो लोक येत. परंतु त्याच गावातील हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे, खाणावळीत बसता येत नसे. म्हणून झोपण्याची सोय असलेली बसगाडी घेऊन त्या दौरे करीत. जॉर्डनेअर्स नावाचे गोऱ्या गायकांचे पथक काही काळ त्यांच्यासोबत होते. ते खाणावळीत जाऊन बसमधील सोबत्यांसाठी अन्न आणीत. हेच पथक पुढे एल्विस प्रेस्ली यांच्या मागे गाऊ लागले.

१९४७ साली जॉर्जियातील मेकन येथे त्यांचा कार्यक्रम होता. एका कृष्णवर्णीय पोराचे गाणे त्यांनी कार्यक्रमापूर्वी ऐकले आणि त्याला आपल्या मंचावर गावयास लावले. वर पैसेही दिले. तो मुलगा पुढे लिटल रिचर्ड म्हणून जगाला माहीत झाला. १९५१ च्या सुमारास क्लीव्हलंडमधील निवेदक ॲलन फ्रीड यांनी रेडिओवर या संगीताला रॉक अँड रोल हे नाव रूढ केले. १९५४ साली एल्विस यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. एल्विस व जेरी ली लुईस असेंब्लीज ऑफ गॉडच्या उपासनेत वाढले होते, चक बेरी बाप्टिस्ट घराण्यातले. या सर्वांनी तो ठेका आधी चर्चच्या बाकावर बसून ऐकला होता. त्याच लाटेचा एक तुषार मुंबईपर्यंत आला. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५७ साली ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डिका’ दिले, ते आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेच असेल.

नवल असे, की जेव्हा त्यांच्या रोपाचा वृक्ष झाला तेव्हा रोझेटाबाई मात्र बाजूला पडल्या. ३ जुलै १९५१ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर त्यांचा तिसरा विवाह तिकीट लावून झाला. सुमारे २० ते २५ हजार लोक जमले. त्या विवाहाने टीकाही पुष्कळ ओढवून घेतली. १९५३ साली त्यांनी पुन्हा काही लौकिक गाणी मुद्रित केली आणि मंडळीतील श्रोते दुरावले. तरुणांना तर आता तरुण गोरे गायक हवे होते. देवळाला त्या फार लौकिक वाटत आणि बाजाराला फार धार्मिक!

मग त्या १९५७ साली इंग्लंडला गेल्या. मे १९६४ मध्ये मँचेस्टर येथील एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर दूरदर्शनसाठी त्यांचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर त्या आणि समोरच्या फलाटावर इंग्रज तरुण. नेमका पाऊस आला. त्यांनी कोट घातला, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकविली आणि नोहाच्या काळच्या जलप्रलयाचे भक्तिगीत गायिले. ते चित्रण आजही उपलब्ध आहे; मिळाल्यास अवश्य पाहा.

१९६८ साली आई निवर्तली. १९७० साली रोझेटाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहामुळे एक पाय कापावा लागला. तरीही बसून त्या गात राहिल्या. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फिया येथे त्या प्रभूमध्ये निजल्या. त्यांच्या कबरेवर सुमारे ३५ वर्षे नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००८ साली चाहत्यांनी जलसा करून निधी जमविला, तेव्हा कोठे तो बसला. रॉक अँड रोलच्या सन्मानगृहात त्यांचे नाव २०१८ साली घेतले गेले. एल्विस, चक बेरी व लिटल रिचर्ड यांची नावे तेथे १९८६ सालीच लागली होती.

आता पुन्हा लखनौकडे वळू. येथे जन्मलेल्या क्लिफ रिचर्ड यांनी १९६६ साली बिली ग्रॅहम यांच्या लंडन येथील सभेत आपला ख्रिस्ती विश्वास जाहीर केला. तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता, की आता रंगमंच सोडावा काय? बराच विचार करून त्यांनी तो सोडला नाही; मात्र भक्तिगीतेही ते गाऊ लागले. रोझेटाबाई देवळातून मंचाकडे गेल्या आणि हे मंचावरून देवळाकडे आले. वाट एकच होती.

नाताळापूर्वी ही सर्व कथा मी आमच्या संगतीत सांगितली. वाद मिटला, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या बंधूंनी सर्वांत अधिक विरोध केला होता, त्यांनी त्या तरुणांना एवढेच विचारले, की हा ठेका नाचघराच्याही आधी प्रार्थनागृहात होता, हे आम्हांला आधी का सांगितले नाही? तरुणांना ते ठाऊकच नव्हते. नाताळाच्या सकाळी टिळकांचे एक भजन झाले, त्याला ढोलकी होती आणि गिटारही होती. टाळी कोणत्या मात्रेवर द्यावी, याचा मात्र थोडा घोटाळा झाला.

वाचकहो, आपल्या मंडळीतही असा प्रश्न निघाला असेल किंवा पुढे निघेल. निर्णय आपला आपण करावा. परंतु तो करण्यापूर्वी आपल्या तरुणांना कॉटन प्लांटच्या त्या मुलीची गोष्ट अवश्य सांगावी, एवढीच विनंती आहे.