पडद्याआडच्या अशिलांच्या वकीलबाई : कॉर्नेलिया सोराबजी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी कॉर्नेलिया सोराबजींचे नाव घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची कलमे मला समजत नाहीत. पण अशिलाचे म्हणणे वकिलाने कसे जाणून घ्यावे, हे ज्यांनी करून दाखविले त्या ह्या बाई आपल्या नाशिकच्या, म्हणून हे धाडस.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिनाबाई पुण्यात शाळा चालवीत. कारभाऱ्याने फसविलेली एक श्रीमंत विधवा आईकडे रडत आली होती, ती हकीकत कॉर्नेलियाबाईंच्या मनात बालपणापासून घर करून राहिली. डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेत असे यश मिळवूनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडातील स्नेह्यांनी वर्गणी काढली. तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्याही होत्या. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली, कारण तोवर तिथे बायकांना पदवीच देत नसत! परत आल्यावर मुंबई आणि अलाहाबाद येथल्या परीक्षाही दिल्या, तरी सनद कोणी देईना.

आता ज्या बायकांसाठी हा खटाटोप चालला होता, त्यांची स्थिती ऐका. बंगाल-बिहारकडील जमीनदारांच्या घरी बायका पडद्यात. परपुरुषासमोर यायचे नाही, मग वकील पुरुष असल्यावर त्याच्याशी बोलणार कोण? दिवाण किंवा दीर बोलणार. कागद पडद्याखालून आत सरकवायचा, आतून अंगठा उठून यायचा. तो कोणाचा, कशावर उठविला, हे बाहेरच्याला दिसत नसे. परदानशीन बाईला कोर्टात हजर न राहण्याची सूट होती. तिने कागद समजून-उमजून केला, हे सिद्ध करण्याचा भारही कागद पुढे आणणाऱ्यावर होता. कायदा बरा होता, भगिनींनो. पण आत जाऊन तिला विचारणारे कोणी नव्हते.

सरकारकडे पुष्कळ लिहिणे-सांगणे केल्यावर १९०४ मध्ये कॉर्नेलियाबाईंची नेमणूक झाली. विधवा आणि अज्ञान वारस यांच्या जमीनदाऱ्या सांभाळणारे कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचे सरकारी खाते होते, त्यात त्या बायकांच्या कायदे-सल्लागार झाल्या. मुक्काम कलकत्त्यास, फिरती बंगाल, बिहार, ओरिसा, आसामपर्यंत. कधी आगगाडी, कधी होडी, कधी पालखी. बाई असल्यामुळे त्यांना थेट माजघरापर्यंत जाता येई. व्रते, सोवळेओवळे, शापाची भीती ह्यांना न हसता त्या त्यांतूनच वाट काढीत. मग पोटगी कुठे अडली, मुलाला कोणापासून भय आहे, हे हळूहळू बाहेर येई. त्यांनी सुमारे वीस वर्षांत सहाशेच्या वर बायका-मुलांना मदत केली, असे सांगतात.

माझ्या नणंदेच्या घरवाट्याच्या कामी आम्ही एका वकिलाकडे गेलो होतो. तासभर ते तिच्या दिराशीच बोलत होते. हिला विचारले ते एवढेच, की सही मराठीत करता का. तिथे पडदा कुठे होता? तेव्हापासून मला कॉर्नेलियाबाईंचे मोल अधिक वाटू लागले.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. इंग्रजी राज्यावर त्यांचा भारी विश्वास. गांधीजींची चळवळ त्यांना रुचली नाही. ‘मदर इंडिया’ या पुस्तकावरून देश खवळला तेव्हा त्यांनी त्या लेखिकेची बाजू घेतली. माजघरातल्या बाईचे दुःख ज्यांना दिसले, त्यांना सत्याग्रहात तुरुंगात जाणाऱ्या बायकांचे तेज दिसू नये, याचे मला नवल वाटते. पुष्कळ लोक त्यांना दुरावले ते यामुळेच.

१९२३ च्या कायद्याने बायकांना वकिलीची मोकळीक झाली. साठीकडे झुकलेल्या कॉर्नेलियाबाई कलकत्त्यात वकिली करू लागल्या. पण पुरुषांच्या त्या जगात उभे राहून बोलण्याची कामे त्यांच्याकडे फारशी येत नसत. बहुतेक कागदावर मत लिहून देण्याची येत. १९२९ मध्ये सारे आवरून त्या लंडनला गेल्या. १९३४ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. ६ जुलै १९५४ रोजी तिथेच त्या वारल्या. ज्या लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले, तिथे २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविला आहे.