ऑयलर आणि वर्गांचे कोडे

१३ म्हणजे ४ अधिक ९, दोन्ही वर्ग. २९ म्हणजे २५ अधिक ४. पण ७, ११, १९ किंवा २३ अशा फोडून पाहा, जमत नाही. आरती आणि प्रसाद यांच्यामधल्या वेळात मुलांना कागद-पेन्सिल देऊन हे कोडे जरूर घालावे. दोनपेक्षा मोठ्या कोणत्याही मूळ संख्येला ४ ने भागा. बाकी १ उरली तर ती दोन वर्गांची बेरीज असतेच, ३ उरली तर कधीच नसते.

यातले दुसरे विधान सोपे आहे. कोणत्याही वर्गाला ४ ने भागले की बाकी ० किंवा १. दोन वर्गांची मिळून फार तर २. मग ३ येणार कुठून? पहिले मात्र भल्याभल्यांना दमवणारे. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली ते पत्रातून कळवले, पण पुरी सिद्धता मागे ठेवली नाही. शंभरेक वर्षांनी ती दिली लेओनहार्ड ऑयलर यांनी.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडमधील बाझेलचा. वडील पाद्री, मुलानेही तेच व्हावे अशी त्यांची इच्छा. योहान बेर्नुली यांनी मुलाची बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळवले. विसाव्या वर्षी ऑयलर नोकरीसाठी रशियातील सेंट पीटर्सबर्गला गेले. आपल्या समाजातल्या कित्येक घराण्यांचे मूळ पुरुष असेच चाकरीसाठी दूर गेले आणि तिथलेच झाले, म्हणून आम्हाला हा माणूस जवळचा वाटतो.

तिशीतच उजवा डोळा गेला. १७४१ मध्ये ते बर्लिनला आले. मित्र गोल्डबाख यांच्याशी पत्रव्यवहार चालूच होता, आणि १७४९ च्या एप्रिलमधील पत्रात त्यांनी वरील सिद्धतेचा शेवटचा दुवा कळवला. तिच्या पायाशी एक गंमत आहे. ५ म्हणजे १ अधिक ४, १३ म्हणजे ४ अधिक ९. त्यांचा गुणाकार ६५, तोही ६४ अधिक १, शिवाय ४९ अधिक १६. दोन वर्गांच्या बेरजांना गुणले की पुन्हा दोन वर्गांचीच बेरीज येते. या नियमाचे व्यापक रूप आपल्या ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली दिले होते, हे इथे अभिमानाने नोंदवतो. ऑयलर यांनी त्याला उतरणीची युक्ती जोडली: मोठ्या संख्येवरून लहान, तिच्यावरून आणखी लहान.

चार वर्ग घेतले तर प्रत्येक संख्या बसते, ७ सुद्धा: ४, १, १, १. हे सिद्ध करण्यासाठी ऑयलर वर्षानुवर्षे झटले. चार वर्गांच्या गुणाकाराचा नियम त्यांनी १७४८ मध्ये शोधला, पण सिद्धता १७७० मध्ये लाग्रांज या तरुणाने पुरी केली. ऑयलर यांनी हेवा केला नाही; पुढे तीच गोष्ट अधिक सोपी करून दाखवली. आम्हाला त्यांचे हे वागणे सिद्धतेइतकेच मोठे वाटते.

१७६६ मध्ये ते पीटर्सबर्गला परतले. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रियेने थोडे दिवस दिसले, मग डोळा चिघळला आणि अंधार झाला. त्याच वर्षी घराला आग लागली. त्यांना कसेबसे बाहेर काढले. दोन वर्षांनी पत्नी गेली. तेरा मुलांपैकी पाचच बालपण ओलांडून जगली होती. तरी काम थांबले नाही. मनात गणित मांडायचे आणि मुलाला, शिष्यांना सांगून लिहवून घ्यायचे. त्यांच्या एकूण लेखनापैकी जवळपास निम्मे या अखेरच्या काळातले आहे.

आम्ही पॉलिटेक्निकमध्ये खांब किती भाराखाली वाकतो याचे ऑयलर यांचे सूत्र पाठ केले होते. ते हेच ऑयलर.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर, मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. त्यांचे शिल्लक लेख छापायला पीटर्सबर्गच्या अकादमीला पुढे कित्येक दशके लागली.