कोळशाच्या जहाजाचा कप्तान

गेल्या वर्षी पी.एल.च्या तोंडावर माझा मामेभाऊ सिडनीहून आला आणि माझ्या हातात एक लांबट खोका ठेवून गेला. खोक्यावर शिडाच्या जहाजाचं झकास चित्र. आत मात्र जहाज नव्हतंच! प्लायवूडचे कापलेले तुकडे, लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे गठ्ठे, दोऱ्याची रिळं, इवल्याशा पितळी तोफा आणि चादरीएवढं ड्रॉइंग. जहाज होतं ‘एन्डेव्हर’, कॅप्टन जेम्स कुकचं. प्रमाण साठास एक, म्हणजे सुमारे तीस मीटरचं जहाज माझ्या टेबलावर अर्ध्या मीटरमध्ये बसणार. फर्स्ट इयरचा कार्पेंट्रीचा जॉब सोडला तर लाकडाशी माझा संबंध बॅटपुरता. तो जॉबही अर्धा वर्कशॉपच्या मामांनीच करून दिलेला.

मधला कणा उभा केला, त्याच्या खाचांत आडवे तुकडे बसवले आणि सापळा बघून माझा चक्क विरस झाला. मला वाटलं होतं, जहाजाचं नाक कसं सुरीसारखं असेल. हे तर मेसमधल्या पातेल्यासारखं गोल, आणि तळ सपाट! मी काहीतरी उलटंसुलटं जोडलं असणार म्हणून लायब्ररीत गेलो. चूक नव्हती. जहाज खरंच तसं होतं, कारण ते मुळात कोळसा वाहायला बांधलेलं होतं. आणि गंमत म्हणजे त्याचा कप्तानही कोळशातूनच वर आलेला.

कुकचा जन्म २७ ऑक्टोबर १७२८ चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या मार्टन गावचा. वडील शेतमजूर. वडिलांच्या मालकाने फी भरली म्हणून पोराला थोडंफार शिक्षण मिळालं. पुढे एका किनाऱ्यावरच्या गावात तो वाण्याच्या दुकानात कामाला लागला. तिथे त्याचं मन रमलं नाही. १७४६ मध्ये तो व्हिटबी बंदरात जॉन वॉकर नावाच्या जहाजमालकाकडे उमेदवार म्हणून राहिला. वॉकरची जहाजं उत्तरेतून लंडनला कोळसा नेत. ओहोटी लागली की ती वाळूवर बसवून माल उतरवायचा, म्हणून सपाट तळ. आणि पोटात जास्त कोळसा मावावा म्हणून गोल नाक. वॉकरच्याच घरी राहून कुक गणित आणि नौकानयन शिकला.

१७५५ मध्ये वॉकर त्याला एका जहाजाचा कप्तान करायला निघाला होता. हा पठ्ठ्या ते सोडून आरमारात साधा खलाशी म्हणून भरती झाला, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी. आपल्याकडे कॅम्पसमधून मिळालेली नोकरी सोडून कोणी असं केलं तर घरचे काय करतील, विचार करा! पण कुक दोन वर्षांत ‘मास्टर’ झाला. कॅनडाच्या लढाईत असताना सॅम्युअल हॉलंड नावाच्या लष्करी इंजिनिअरकडून तो प्लेन टेबल सर्व्हे शिकला. हो, तेच तिपायी टेबल, जे घेऊन आपले सिव्हिलवाले ग्राउंडवर उन्हात उभे असतात. त्या बळावर १७६३ ते १७६७ त्याने न्यूफाउंडलंडचा किनारा मोजला. ते नकाशे पुढे शंभर वर्षं वापरात होते.

१७६८ मध्ये रॉयल सोसायटीला शुक्राचं अधिक्रमण बघायला ताहितीला जहाज पाठवायचं होतं. आरमाराने व्हिटबीचंच चार वर्षं जुनं कोळशाचं जहाज विकत घेतलं, नाव ‘एन्डेव्हर’ ठेवलं आणि कुकला त्यावर नेमलं. नव्वदच्या वर माणसं त्यात कोंबलेली. स्कर्व्ही टाळायला कुकने आंबवलेला कोबी बरोबर घेतला होता. खलाशी तो तोंडाला लावेनात. त्याने तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला आणि बाकीच्यांना हवा तर खा, नको तर राहू दे, असं ठेवलं. आठवड्यात सगळे मागायला लागले. (मेस सेक्रेटरींनी नोंद घ्यावी.)

३ जून १७६९ ला अधिक्रमण बघून झालं, मग न्यूझीलंडची दोन्ही बेटं फिरून नकाशा झाला. पण न्यूझीलंडला पाय लावल्या लावल्या त्याच्या माणसांच्या गोळ्यांनी माओरी माणसं मेली, आणि पुढे ऑस्ट्रेलियातही किनाऱ्यावर अडवायला आलेल्यांवर बंदूक चालली. मामेभाऊ सांगतो की तिकडे कुकवरून अजून भांडणं होतात. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नमधला त्याचा पुतळा घोट्यापासून कापून पाडला. आपण शाळेत फक्त ‘शोध लावला’ एवढंच पाठ केलं. तिथे माणसं आधीपासून राहत होती हे त्या वाक्यात बसत नाही.

इकडे माझं पट्ट्यांचं काम सुरू झालं. पट्टी पाण्यात भिजवायची, वाकवायची, खिळे टोचून चिकटवायची. त्या गोल नाकापाशी पट्ट्या एकमेकींवर चढतात. प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून निमुळती करावी लागते, हे मला सहा पट्ट्या मोडल्यावर कळलं. तरी शेवटी नखाएवढी फट राहिलीच. लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून मी ती बुजवली. फार चोरट्यासारखं वाटलं, पण खऱ्या ‘एन्डेव्हर’चं भोक कशाने बुजवलं ते वाचलं आणि जरा बरं वाटलं.

११ जून १७७० च्या रात्री जहाज ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं, तेही ऐन भरतीला. म्हणजे पाणी आणखी वाढून जहाज सुटायची आशा कमी. सहा तोफा, दगडी भार, पिंपं, सगळं मिळून चाळीस-पन्नास टन वजन समुद्रात टाकलं. दुसऱ्या रात्रीच्या भरतीला जहाज निघालं, पण पाणी आत येतच होतं आणि चारपैकी तीनच पंप चालू. तेव्हा जोनाथन मंकहाऊस या तरुणाने आधी एकदा पाहिलेली युक्ती सांगितली. जुन्या शिडावर सुटा केलेला दोर आणि लोकर यांचे गोळे चिकटवायचे, वरून जनावरांचं शेण, आणि ते शीड दोरांनी जहाजाखालून ओढून भोकाशी न्यायचं. आत घुसणारं पाणीच तो लगदा फटीत खेचतं. पाणी जितक्या जोराने येतं तितकी फट घट्ट बसते! पुढे एका नदीच्या मुखाशी त्यांनी जहाज वाळूवर चढवलं. इथे तो सपाट तळ कामाला आला; सुरीच्या नाकाचं जहाज असं बसलंच नसतं. बघतात तो पोवळ्याचा एक मोठा तुकडा भोकात तसाच अडकलेला. तो निघाला असता तर कुक आपल्याला माहीतही झाला नसता. टाकलेल्या सहाही तोफा १९६९ मध्ये सापडल्या.

परतीच्या वाटेवर बटाव्हियाला दुरुस्तीसाठी थांबले आणि तिथल्या ताप-हगवणीने तिसाहून जास्त माणसं गेली. युक्ती सांगणारा मंकहाऊसही त्यातच गेला.

दुसरी सफर (१७७२ ते १७७५) सगळ्यात यशस्वी, तिच्यात जहाज अंटार्क्टिक वृत्त ओलांडून गेलं. पण माझं सगळं लक्ष अडकलं ते तिसरीत. या वेळचं जहाज ‘रेझोल्यूशन’, तेही व्हिटबीचं. ते डेप्टफर्डच्या गोदीत दुरुस्तीला होतं. पूर्वी कुक अशा कामावर जातीने लक्ष ठेवी. या वेळी तो लंडनमध्ये दुसऱ्या सफरीचा वृत्तान्त लिहिण्यात गुंतला होता. काम कच्चं झालं. जुलै १७७६ मध्ये निघाल्यावर लवकरच जहाज गळायला लागलं. ऑगस्ट १७७८ मध्ये तो बेरिंगच्या उत्तरेला बर्फाशी झुंजत होता. त्याच महिन्यात नाव बदललेलं जुनं ‘एन्डेव्हर’ अमेरिकेत न्यूपोर्टला फ्रेंच आरमाराची वाट अडवण्यासाठी मुद्दाम बुडवलं गेलं. (त्याचे अवशेष ओळखल्याचं ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयाने २०२२ मध्ये जाहीर केलं, त्यावर अमेरिकन संशोधकांनी घाई झाली म्हणून हरकत घेतली.)

४ फेब्रुवारी १७७९ ला कुक हवाई बेटावरच्या केआलाकेकुआ खाडीतून चांगला निरोप घेऊन निघाला होता. चार दिवसांत वादळात पुढची डोलकाठी खिळखिळी झाली. ती काढली तर बुडाशी कुजलेली! ती दुरुस्त करायला तो ११ तारखेला परत त्याच खाडीत आला. या वेळी स्वागत थंड होतं. एक होडी चोरीला गेली, ती मिळावी म्हणून कुक तिथल्या राजालाच ओलीस धरायला किनाऱ्यावर उतरला, आणि १४ फेब्रुवारीला सकाळी किनाऱ्यावरच मारला गेला. त्याच्याबरोबर चार सैनिक गेले, हवाईचेही बरेच लोक गेले.

हे वाचलं तेव्हा माझं जहाज पूर्ण होऊन कपाटावर बसलं होतं. पुढची डोलकाठी किंचित डावीकडे झुकलेली. सबमिशनच्या आदल्या रात्री गुण्या न लावता घाईत चिकटवली होती. अख्ख्या विंगमध्ये एकालाही दिसली नाही. मला महिनाभर दिसत होती, आणि मी रोज दुसरीकडे बघत होतो.

चिकटवलेला जोड गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. दोन तास लागले. डोलकाठी निघाली, तिच्याबरोबर डेकच्या चार पट्ट्याही आल्या. त्या आता परत बसवतोय. गुण्या वर्कशॉपच्या मामांकडून आणलाय, शनिवारच्या आत परत द्यायचाय.