उंची वाढवण्याची सर्जरी आली कुठून? डॉ. इलिझारोव्ह यांची गोष्ट

उंची वाढवण्यासाठी आज लोक लाखो रुपये मोजून पाय लांब करून घेतात. पण ज्यांच्या शोधावर ही सर्जरी उभी आहे, त्या डॉ. गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांचे पेशंट वेगळेच होते.

१९२१ साली जन्मलेले इलिझारोव्ह गरीब घरात वाढले. १९४४ मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांची नेमणूक सायबेरियातल्या कुर्गान भागात झाली. युद्धात जखमी झालेल्या अनेकांची मोडलेली हाडं नीट जुळतच नव्हती. १९५० च्या दशकात इलिझारोव्ह यांनी पायाभोवती धातूच्या रिंगा आणि हाडातून आरपार जाणाऱ्या तारा बसवून उपचार सुरू केले. यातूनच त्यांच्या लक्षात आलं, की कापलेलं हाड हळूहळू ताणलं तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं.

वेग ठरला दिवसाला १ मिलिमीटर, तोही चार टप्प्यांत. घाई केली तर फट भरत नाही आणि नसांवर ताण येतो. फार रेंगाळलं तर हाड आधीच जुळून जातं.

मोठ्या डॉक्टरांनी अनेक वर्षं त्यांची दखल घेतली नाही. १९६४ चे ऑलिम्पिक विजेते उंच उडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल यांचा पाय मोटारसायकल अपघातात मोडला होता. इलिझारोव्ह यांनी १९६८ मध्ये त्यांच्यावर उपचार केले आणि ते पुन्हा उडी मारू लागले. त्यानंतर देशभर नाव झालं.

१९९२ मध्ये इलिझारोव्ह गेले. त्यांचा नियम मात्र आजही तोच आहे. ५ सेंटीमीटर उंचीसाठी सुमारे ५० दिवस नुसतं ताणणं, मग हाड पक्कं व्हायला आणखी काही महिने. आणि वाढतात ते फक्त पाय. हात आणि धड होतं तेवढंच राहतं.