परळचे बॅरिस्टर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव उच्चारले की राज्यघटना डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु घटनेच्या मसुद्याचे काम हाती येण्यापूर्वी कितीतरी वर्षे ते मुंबईत वकिली करीत होते. त्यांच्याकडे येणारे अशील बहुधा गोरगरीब असत. गिरणीतले, खेड्यातले, ज्यांची फी देण्याची ऐपत नाही असे. त्यांची कचेरी आपल्याच भागात, परळच्या दामोदर हॉलच्या आवारात होती आणि बिऱ्हाड इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत. स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र लिहावे असा प्रश्न निघाला तेव्हा म्हणूनच हे नाव पुढे आले. येथे त्यांचे सबंध चरित्र नाही. या एका बाजूपुरतेच लिहीत आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शिक्षणाची हकीकत आपणा सर्वांस ठाऊक आहे : एल्फिन्स्टन कॉलेज, मग बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, मग लंडन. पैसे आणि मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले, आणि सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसा पैसा जमवून १९२० साली ते पुन्हा गेले. १९२२ साली ग्रेज इन या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले. या तीन वर्षांत मुंबईचा संसार रमाबाईंनी कसा ओढला असेल याची कल्पना ज्यांनी तुटपुंज्या मनीऑर्डरीवर घर चालविले आहे त्या भगिनींनाच येईल. रमाबाईंना पाच मुले झाली, त्यांतली चार गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. मागे राहिले ते एकटे यशवंतराव.

१९२३ साली परत आल्यावर सनद घ्यायची तर तिची फी भरायला हाताशी पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी स्नेह्यांनी मदत केली आणि त्या वर्षीच्या जुलैत हायकोर्टात नाव दाखल झाले. नाव दाखल झाले, पण काम कोठून यावे? बॅरिस्टरास तेव्हा काम मिळे ते सॉलिसिटरांकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टराच्या हाती कागद देण्यास ती मंडळी तयार नव्हती. तेव्हा फुटकळ कामे, तालुक्याजिल्ह्याची कोर्टे आणि घरखर्चासाठी बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या वर्गात व्यापारी कायदा शिकविणे, असे १९२५ ते १९२८ पर्यंत चालले. एवढ्या पदव्यांच्या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. परंतु पगार घेतला की तोंड बांधले जाते हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि तोंड बांधून घेणे त्यांना परवडणारे नव्हते. रमाबाई घरी नसताना दूरच्या गावाहून आलेल्या अशिलांना त्यांनी स्वतः रांधून जेवू घातल्याची गोष्ट सांगतात. तिच्यावर विश्वास ठेवण्यास मला तरी अडचण वाटत नाही.

१९२६ साली पुण्यात जेधे, जवळकर व बागडे या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला होता. त्याच्या अपिलात बाबासाहेबांनी त्यांना सोडविले आणि त्यांच्या वकिलीचा बोलबाला झाला. परंतु त्यांचा सर्वांत मोठा दावा ज्यात ते स्वतःच प्रतिवादी होते तो. त्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांस खुले केले. मात्र हे सारे कागदावर. तळ्यावर जाण्याची कोणाची छाती होत नव्हती. पाणी भरणे हे आपल्या बायकांचे काम. भर उन्हात दुसऱ्याने वरून ओतेल तेवढ्याच पाण्यासाठी तिष्ठत बसणे म्हणजे काय, हे त्या काळच्या महारवाड्यातल्या बायकांना जेवढे कळत होते तेवढे कौन्सिलात हात वर करणाऱ्यांना कळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पुढचा प्रकार दुःखद आहे. हे लोक आता देवळात शिरणार अशी हूल उठली, परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या आणि नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळे शुद्ध करून घेण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. तेव्हा महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला. तळे आमच्या मालकीसारखे आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये ही परापूर्वीची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम दिला. इकडे २५ तारखेला हजारो लोक महाडात जमले. कोणी मांडवास जागा देईना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाच्या जमिनीत मांडव घातला होता. मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत. लोक घरदार सोडून, तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते, आणि पुष्कळांचा आग्रह होता की मनाईहुकूम मोडून तळ्यावर जायचेच.

या जागी बाबासाहेबांतल्या वकिलाची खरी कसोटी लागली. बेहोष झालेल्या जमावाला पुढे ने म्हणणे सोपे असते. त्यांनी लोकांना थांबविले. भांडण स्पृश्यांशी आहे. हुकूम मोडला तर सरकारही उगीच शत्रू होऊन बसेल आणि दावा मात्र तसाच राहील. त्यापेक्षा तळे सार्वजनिक आहे हे कोर्टातच सिद्ध करून घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी जड मनाने ते ऐकले. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी हात लावला नाही. काहींनी तेव्हा त्यांना भित्रे म्हटले असेल. मला तर पाणी पिण्यापेक्षा हे न पिणे अवघड वाटते. दुसऱ्याच दिवशी चांभारवाड्यात त्यांनी बायकांची वेगळी सभा घेतली आणि लुगडे नेसण्यापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत चार गोष्टी सांगितल्या. बायकांनी त्या लगेच अमलातही आणल्या.

मग सुरू झाले कोर्टाचे हेलपाटे. मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. रूढीला कायद्याचे बळ यायचे तर ती अनादी काळापासून चालत आलेली, निश्चित आणि रास्त असावी लागते, आणि तसे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते येथेच. तळे नगरपालिकेचे, आणि बंदीच्या अनादी रूढीला पुरावा नाही. महाडचा निकाल १९३१ साली त्यांच्या बाजूने लागला. विरुद्ध पक्षाने ठाण्यास अपील केले, तेही १९३३ मध्ये फेटाळले गेले. प्रकरण हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. अस्पृश्य पूर्वी त्या तळ्यावर येत नसतील. पण तेवढ्याने त्यांना अडविण्याचा हक्क कोणाला पोचत नाही, असा त्याचा मथितार्थ. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा देणारेच. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे भरायला तीन दिवस उरले होते. रमाबाई तो निकाल ऐकायला नव्हत्या. २७ मे १९३५ रोजीच त्या गेल्या.

आता गिरण्यांकडे वळू. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात असे. त्या संपात बाबासाहेबांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. विणाई खात्यात मजुरी जास्त, आणि तेथेच अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ इतर कामगारांना होई! मालकाकडून न्याय मागणाऱ्यांनी आपल्या शेजारच्याला आधी न्याय द्यावा, एवढेच त्यांचे सांगणे. पुढाऱ्यांनी मागण्यांत ही मागणी घातली, पण नाखुशीने.

त्याच वर्षी जुलैत कौन्सिलात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. रिळ आणि वाइंडिंग खात्यांतल्या बाया दिवस भरेपर्यंत उभ्या राहून काम करीत आणि बाळंतपणाची रजा म्हणजे पगार बुडणे. या खर्चाचा बोजा मालकावर का, असा आक्षेप होता. बाबासाहेबांचे उत्तर हिशेबी होते. मालक बायकांना कामावर ठेवतो तो त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. मग त्या कामापायी येणाऱ्या गरजेचा काही भार त्याने उचललाच पाहिजे, आणि आईला विसावा मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

१९३४ साली संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तोही बाबासाहेबांनी लढविला. तो ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. बड्या नावाच्या वकिलांनी असले काम दारात उभे केले नसते.

पुढे १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ते असेंब्लीत निवडून गेले. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. तडजोडीची ठरावीक पायरी पुरी होण्यापूर्वी संप केला तर तुरुंग, असे त्यात होते. येथे पुन्हा वकील बोलला. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग. त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते. माणसाने काम नाकारले म्हणून त्याला गुन्हेगार ठरविणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, आपल्या कामगार मैदानावर मोठी सभा भरली, शहरात गोळीबारही झाला. बिल तरीही पास झाले.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, म्हणजे आजवर ज्या सरकारपुढे दाद मागत त्याच्याच खुर्चीवर बसले. लढाईच्या दिवसांत कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ साली बायकांना खाणीत जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी सरकारने उठविली. महिला संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि असेंब्लीत सरकारचा बचाव करण्याची पाळी बाबासाहेबांवर आली. स्वतः त्यांनी धनबादकडच्या खाणीत उतरून पाहणी केली होती. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हे त्यांनी ठासून सांगितले, तरीही हा निर्णय मनाला पटत नाही. लढाई संपल्यावर फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी कारखान्यांतील कामाचा आठवडा चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसावर आणणारी दुरुस्ती मंजूर झाली. ते बिल त्यांच्याच खात्याचे होते.